वाघोजीरावांचं जपानी नेलकटर

एका जंगलात एक वाघ राहत होता. जंगल कुठलं ते विचारू नका, मुलांनो. सांगितलं की तुम्ही लगेच सहल काढाल आणि डबे खाऊन कागद तिथंच टाकाल.

तर या वाघाचं नाव वाघोजीराव. त्यांच्या बायकोला सगळे वाघीणबाई म्हणत. घरात दोन पिल्लं. सगळं कसं छान चाललं होतं. नखं बोथट झाली की वाघोजीराव सागाच्या बुंध्यावर चार ओरखडे काढत. नखं पुन्हा धारदार. खर्च काही नाही. सागाची तक्रार असलीच, तर त्यानं कधी बोलून दाखवली नव्हती.

थंडी पडली आणि परदेशातून करकोचा आला. तो दरवर्षीच यायचा, तळ्यातले मासे खायचा आणि जायचा. यंदा मात्र गळ्यात एक लाकडी डबी अडकवून आला. डबीत रेशमी फडकं. फडक्यात एक चकचकीत वस्तू.

"हे काय रे?" वाघोजीरावांनी विचारलं.

"जपानी आहे," करकोचा म्हणाला. देवळात बोलतात ना, तसा हळूच.

"अगंबाई, नेलकटर!" वाघीणबाई म्हणाल्या.

करकोच्यानं कळवळून डोळे मिटले. "वहिनी, नेलकटर नका हो म्हणू. हातानं घडवलेली चीज आहे ही. तिकडं डोंगरात एक आजोबा बसतात. पातं घासताना दिवसभर तोंडातून शब्द काढत नाहीत."

"आमचे हेसुद्धा काढत नाहीत. यांना कुणी त्याचे पैसे दिलेले मी तरी ऐकले नाहीत."

वाघोजीरावांनी नुसते कान हलवले. त्यांची नजर डबीवरून हलेना.

"जपानात वाघ असतात का हो?" वाघीणबाईंनी विचारलं.

"वाघ नसतात," करकोचा म्हणाला. "शिस्त असते."

झालं! वाघोजीराव पुरते गार झाले. "किंमत बोल."

"तळ्याचा काठ. आजपासून तो माझा. तुम्ही तिकडं फिरकायचं नाही. माझे मासे बिचकतात."

आता हा काठ म्हणजे काय, तर जिथं हरणं पाणी प्यायला यायची आणि वाघोजीराव लव्हाळ्यात दबा धरून बसायचे, ती जागा. वाघीणबाईंनी कपाळावर पंजा मारला. "अहो, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? बाजारात खेकडा बसतो, तो नांगीनं नखं कापून देतो. वर चार गप्पाही मारतो!"

"वाघानं खेकड्यापुढं पंजा धरायचा?" वाघोजीराव गुरगुरले. "तुला मेलीला सगळं स्वस्तातलं लागतं." आणि त्यांनी काठ देऊन टाकला.

आता खरं ते सांगायला हवं. वस्तू फसवी मुळीच नव्हती. वाघोजीरावांनी एका नखाचं टोक नुसतं उडवलं. टच्! कचकच नाही, ओढाताण नाही. कड अगदी चिंचोक्यासारखी गुळगुळीत. वाघोजीरावांच्या डोळ्यांत पाणी आलं.

पण मग शेजारची नखं गावठी दिसायला लागली. म्हणून तीही कापली. डावा पंजा नीटनेटका झाला, तर उजवा रानटी वाटायला लागला! तोही कापला. मग डावा जरा लांब वाटला. नखांचं काय, ती वाढतात. पण वाढू दिली तर ना! एवढी किंमत मोजली, आता डबी बंद ठेवायची म्हणजे केवढं नुकसान! रोज सकाळी टच्, संध्याकाळी टच्. मग पातं पुसायचं, तेलाचा थेंब सोडायचा, फडक्यात गुंडाळायचं. असा दिवस कसा निघून जायचा कळायचंही नाही.

इकडं पिल्लं भुकेनं रडायला लागली. वाघीणबाई भडकल्या.

"मी एकटीनं किती दिवस ससे आणायचे? आज दिवस मावळायच्या आत शिकार दारात आली नाही, तर मी पिल्लांना घेऊन माहेरी चालले. मग बसा डबीशी संसार करत!"

हसू नका रे! बायको माहेरी निघाली की भल्याभल्या वाघांची शेपटी खाली जाते. वाघोजीराव धावतच कुरणात गेले. तिथं चितळकाकू एकट्याच चरत होत्या. चांगल्या भरल्या अंगाच्या, पाठमोऱ्या. वाघोजीरावांनी झेप घेतली, नेमके काकूंच्या पाठीवर पडले आणि चारही पंजे गच्च रोवले.

म्हणजे रोवायला गेले. सर्रर्रकन घसरले आणि धप्पकन गवतात उताणे!

काकूंनी पळायला हवं होतं. त्या पळाल्याही, पण चार उड्या मारून थांबल्या. मान वळवून त्यांनी आपली पाठ नीट न्याहाळली.

"अगंबाई! एक ओरखडा नाही हो!" त्या म्हणाल्या. "जपानी का?"

वाघोजीराव उठून बसले. आपण भुकेले आहोत, दिवस मावळतोय, बायको गाठोडं बांधतेय, सगळं विसरले. आजवर कुणी आपण होऊन विचारलंच नव्हतं त्यांना.

"हातानं घडवलेलं," ते म्हणाले.

"तरीच! महाग असेल ना?"

"महाग आहे. पण फरक जाणवतो."

"जाणवतो म्हणजे काय! मला तर फारच जाणवला," काकू मनापासून म्हणाल्या. "तुम्ही असं करा, बिबट्यांनाही सांगा. त्यांना परवडत नसेल, तर आमचा कळप वर्गणी काढेल."

वाघोजीराव छाती फुगवून घरी आले. कधी एकदा हे सांगतो असं झालं होतं त्यांना. पण गुहेत कुणीच नव्हतं. त्यांनी दोनदा हाक मारली. मग ते दाराशी एकटेच बसले, आणि दुसरं काही सुचेना म्हणून त्यांनी डबी उघडली.

टच्.

तात्पर्य : मुलांनो, हातानं घडवलेली वस्तू कितीही महाग असली तरी जरूर घ्यावी. तिचा फायदा कुणाला ना कुणाला होतोच.