बरणीचा प्रश्न

तत्त्व ओळखण्यात माझा हात धरणारं अख्ख्या अंबडात कुणी नाही, असं मी त्या दिवशी छातीठोकपणे जाहीर केलं. शाळा सातवीत सुटली, बाकीचं पुडीच्या कागदांवर वाचून शिकले. म्हणून काय झालं!

माझी लेक यशश्री वकिलीच्या प्रवेश परीक्षेला बसली होती. त्यात एक भलताच प्रश्न असतो. एक प्रसंग देतात, त्यामागचं तत्त्व ओळखायचं आणि खालच्या चारांतून त्याच तत्त्वाचा दुसरा प्रसंग निवडायचा. पोरगी नेमकी तिथंच आपटायची. प्रसंगात बैल असला की ही डोळे मिटून बैलाचाच पर्याय निवडणार!

"अगं, बैल सोड, बैलामागची गोष्ट बघ!" मी म्हटलं. "थांब, मीच प्रश्न काढते. आपल्या गल्लीतले."

आता खरं सांगते. माझ्या मनात तीन वर्षांपासून एक बरणी सलत होती. चिनी मातीची, माझ्या आईची. आई, म्हणजे सोनूबाई, दर उन्हाळ्यात अंतरवालीहून एसटीनं यायची. मांडीवर लोणच्याची बरणी, तिच्या तोंडाला जुन्या लुगड्याचं फडकं. एकदा कंडक्टर म्हणाला, "मावशी, खाली ठेवा की." आई म्हणाली, "लेकीच्या घरी चाललीय ती. पायाशी बसून जाईल व्हय?" सगळी गाडी हसली. बरणी मांडीवरच राहिली.

आईनं घातलेलं शेवटचं लोणचं त्याच बरणीत होतं. ती गेल्यावर मला ते एकटीनं खाववेना. उरलेलं मी समोरच्या विमलकाकूंना देऊन टाकलं, बरणीसकट. आणि बरणी तिकडंच राहिली! दिलेलं भांडं तोंडानं मागायची आमच्याकडं रीत नाही. तीन वर्षं मी त्यांच्या खिडकीकडं बघत भांडी घासली.

तर प्रश्न असा काढला : 'कमलकाकूंच्या दारात डाळिंबाचं झाड आहे. त्यांनी शेजारणीची बरणी तीन वर्षं परत केली नाही. याच तत्त्वाचा प्रसंग निवडा.' उत्तर : 'वाचनालयाचं पुस्तक दडपून बसलेला माणूस.' नाव बदललं हो मी! विमलकाकूंच्या दारातलं झाड तेवढं राहून गेलं.

यशश्रीला प्रश्न इतका आवडला, की तिनं फोटो काढून क्लासच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपात आमच्या गल्लीतल्या तीन पोरी!

दहा वाजता शेजारची बेबीनंदा दारात. हातात माझं पातेलं, त्यात गरम साबुदाण्याची खिचडी.

"ताई, ती कमलकाकू मीच ना?"

"अगं न्हाई!"

"मंग पातेलं माझ्याकडं दिवाळीपासून कसं?"

ती वळते न वळते तोच पलीकडच्या घरातली भावना आली. माझाच डबा, त्यात काठोकाठ शेंगदाण्याची चटणी! "गल्लीत इज्जत ठेवली न्हाई तुम्ही," म्हणाली आणि डबा आपटून गेली. दुपारपर्यंत ओट्यावर अकरा भांडी जमली, सगळी शिगोशीग भरलेली. त्यांतली दोन तर माझी नव्हतीच! लोकांनी भीतीपोटी आपलीच आणून दिली!

आमचे हे जेवायला आले आणि उंबऱ्यातच थबकले. "खानावळ उघडली का?"

आल्या नाहीत त्या फक्त विमलकाकू. त्यांचं दार दिवसभर बंद. बरणी तर गेलीच, आता आई गेल्यावर मला 'जेवलीस का गं' विचारणारं एकमेव माणूसही गेलं, असं वाटलं. संध्याकाळी यशश्रीला ढालीसारखी पुढं धरून मी त्यांचं दार वाजवलं.

"या, मास्तरीणबाई! चोर पकडायला आल्या का?"

"काकू, चुकलं माझं..."

"बस खाली." त्यांनी फळीवरून बरणी उतरवली. तेच लुगड्याचं फडकं, स्वच्छ धुतलेलं. "सोनूबाईची बरणी रिकामी आणून देऊ का मी तुला? पहिल्या साली लोणचं घातलं, बुरशी आली. दुसऱ्या साली मोहरी कडू झाली. त्या बाईचा हात मला बिलकुल जमंना. औंदा परत घातलंय. मुरायची वाट बघून राह्यले, अन् तू मला परीक्षेत घातलं व्हय!"

यशश्री ताडकन उठली. "आई, तुझं उत्तर चुकलं! पुस्तक दडपणारा नव्हेच. हे अंगदमामासारखं आहे. बहिणीकडं रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून दोन वर्षं आलाच नव्हता, तसं! तत्त्व तेच!"

बैल नाही, बरणी नाही, तरी पोरीनं बराबर जुळवलं! आणि गल्लीभर शहाणपण वाटणारी मी नापास.

काकूंनी एक फोड माझ्या हातावर ठेवली. मी तोंडात टाकली आणि घळाघळा डोळे वाहायला लागले.

"आईची आठवण आली ना?" काकू गहिवरल्या.

आली होती. खरंच आली होती. पण मिठाचा वाटाही मोठा होता! अख्खा समुद्र त्या एका फोडीत!

"अगदी तिच्या हातचं, काकू!"

"मंग ठरलं," काकूंनी पदरानं माझे डोळे पुसले. "दर साली पाच किलो तुझ्यासाठी!"

मी बरणी पोटाशी धरून रस्ता ओलांडत असताना यशश्रीनं हळूच एक फोड चाखली, थांबली आणि माझ्याकडं बघत राहिली.

"आई, तू आत्ता जे बोललीस, त्यामागचं तत्त्व कोणतं?"

"ते परीक्षेला न्हाई," मी म्हटलं. "आधी पाणी पी."