दीड गोणीचा क्लायंट

साळुंखे अण्णा माणसाचं वजन किलोत सांगत नाहीत, गोणीत सांगतात. पन्नास किलोची कांद्याची गोणी हे त्यांचं माप. नेरूळच्या या सोसायटीत मी राहायला आलो, त्याच दिवशी लिफ्टमध्ये त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "सर, तुमी दीड गोणी." घरी जाऊन काट्यावर उभा राहिलो. काटा पंचाहत्तरवर थांबला. सेक्रेटरीबाईंना त्यांनी भर सभेत "पावणेदोन" म्हटलं, तेव्हापासून अण्णा लिफ्टपाशी दिसले की त्या जिना धरतात.

अण्णा साताऱ्याकडचे. तीस वर्षं कांदा-बटाटा मार्केटात माथाडी, त्यातली शेवटची काही वर्षं टोळीचे मुकादम. रिटायर झालेला माणूस भजनी मंडळात जातो, नाहीतर गावी जाऊन बांधावरून भांडतो. अण्णांनी सीवूड्सच्या एका संस्थेत पर्सनल ट्रेनरच्या कोर्सला नाव घातलं. पांढरा लेंगा, डोक्यावर टोपी आणि मधे संस्थेचा अंगाला चिकटणारा काळा टी-शर्ट, अशा अवतारात ते क्लासला निघाले की वॉचमन उठून उभा राही.

या वयात हे कशाला, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "कागद लागतो, सर." नवीन माथाड्यांना ओझं कसं उचलावं ते शिकवायचं त्यांच्या मनात होतं. एकदा मार्केटात जाऊन सांगायला लागले, तर पोरं हसली आणि म्हणाली, अण्णा, तुमच्याकडे कागद हाय का? तेवढं त्यांना लागलं.

पुस्तक इंग्रजीत होतं आणि मी जन्मभर हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवलेलं. त्यामुळे रोज संध्याकाळी सहाला आमची बेल वाजू लागली. मी वाचायचो, अण्णा डोळे मिटून ऐकायचे. सगळं जमलं, स्नायूंच्या नावांशी मात्र गाडी अडली. मग अण्णांनी स्वतःच युक्ती काढली. प्रत्येक स्नायूला एकेका माणसाचं नाव दिलं. मानेखालचा ट्रॅपेझियस म्हणजे पांडू. मांडीवरचा क्वाड्रिसेप्स म्हणजे किसन. खांद्याचा डेल्टॉइड म्हणजे सुदाम. कमरेत मणक्याला लागून असलेले ते बापू. उजळणी माझ्या अंगावर बोटं खुपसून चाले. दोन महिन्यांत ही नावं आमच्या घरात अशी रुळली, की मी सिलेंडर सरकवायला वाकलो की बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, "बापूला सांभाळा." मीही फोनवर मित्रांना सांगायचो, आज बापूने फार छळलंय.

लेखी परीक्षेत अण्णा वर्गात पहिले आले. प्रॅक्टिकलमध्ये नापास झाले.

झालं असं. परीक्षेत क्लायंट म्हणून एक सडपातळ मुलगी होती, अण्णांच्या भाषेत जेमतेम एक गोणी. तिच्या खांद्यावर लोखंडी बार ठेवायचा, हात काढायचा आणि तिला उठाबशा शिकवायच्या. अण्णांनी बार ठेवला, पण सोडला नाही. ती बसली की हेही बारसकट बसले, ती उठली की हेही उठले. परीक्षक तीनदा म्हणाला, सोडा. अण्णा तीनदा म्हणाले, सोडतो. शेवटी शेरा पडला की यांनी क्लायंटवर भार दिलाच नाही.

हे ऐकून मला हसू आवरेना. म्हटलं, अण्णा, जन्म गेला लोकांच्या पाठीवर गोण्या ठेवण्यात आणि एक दांडी ठेवता येईना?

अण्णा हसले नाहीत. पुस्तकाचा कोपरा दुमडला. मग म्हणाले, "सर, ती नावं माझ्या टोळीची हायती. ज्याचं जे गेलं, ते त्याचं नाव."

पांडूची मान गेली होती, किसनचे पाय, सुदामचा खांदा. बापूचं त्यांनी शेवटी सांगितलं. गाडी लवकर खाली करायची होती. बापू म्हणाला, दोन गोण्या एकदम घेतो. "ठेवणारा मी. मुकादम. दोन्ही ठेवल्या, हात काढला, आन् तो खालीच बसला. आजून गावाकडं पडून हाय."

मला माझीच लाज वाटली. दोन महिने त्या माणसाच्या नावाने मी घरात विनोद करत होतो.

पुन्हा परीक्षेला बसणार नाही, असं अण्णांनी ठरवून टाकलं होतं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना ओढून सोसायटीच्या जिममध्ये नेलं, आरशासमोर उभा राहिलो आणि म्हटलं, ठेवा. ते माझ्या वयावर आले, माझ्या कमरेवर आले. मी म्हटलं, "दीड गोणी आहे मी. तुम्हीच मोजलंय."

नुसती दांडी होती, वजनं न लावलेली, तरी माझे गुडघे वाजले. अण्णांनी धरूनच ठेवली होती. पहिला आठवडा आम्ही दोघे तसेच जोडीने उठबस करत राहिलो आणि सेक्रेटरीबाई काचेतून बघून जात राहिल्या. दुसऱ्या आठवड्यात एक हात निघाला. एका सकाळी मी खाली बसलो आणि आरशात पाहिलं, तर त्यांचे दोन्ही तळवे दांडीपासून चार बोटं खाली होते, न टेकलेले. मी नुसता उठलो आणि परत बसलो.

पुढच्या परीक्षेत ते पास झाले. कागद मला दाखवला आणि त्याच संध्याकाळच्या एसटीने गावी गेले.

चार दिवसांनी लिफ्टमध्ये भेटले. मी विचारलं, बापू कसा आहे?

"आता एक गोणीबी भरत न्हाई, सर," अण्णा म्हणाले. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली तरी ते बाहेर पडले नाहीत. "पुस्तकात हाय तसाच उचलला, गुडघ्यात वाकून. दारात आणून बसवला. मग हात काढला. बसला होता, सर. थोडा वेळ बसला होता."