हात उचला, ते विचारतंय

"हात उचला!" अशी मुनीरभाईंची हाक आली की आमच्या शहागंजातल्या टायपिंगच्या दुकानात जो असेल त्यानं आहे तिथं थांबायचं. कीबोर्ड, माउस, टेबल, कशालाही हात लावायचा नाही. एकदा वैजापूरकडचे एक धनगर आजोबा गावाला पाण्याचा टँकर मिळावा म्हणून अर्ज टाइप करून घ्यायला आले होते. त्यांनी हाक ऐकली आणि काठी सोडून दोन्ही हात डोक्यावर नेले.

"काय गुन्हा झाला का व बाई?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"नाही हो आजोबा. कॉम्प्युटर अडकलाय."

"अडकला नाय," मुनीरभाई म्हणाले. "ते विचारतंय. सबर करा."

दुकान माझ्या मामांचं. मी कॉलेज संपवून लग्नपत्रिकांची डिझाइनं करायला तिथं बसले होते, आणि कॉम्प्युटरमधलं माझ्याएवढं अख्ख्या शहागंजात कुणाला कळत नाही असा माझा ठाम समज होता. मुनीरभाई तिथं माझ्या जन्माच्या आधीपासून. पांढरा शर्ट, खिशाला पेन, ज्यानं ते कधीच काही लिहीत नसत. मराठी आणि उर्दू, दोन्ही टायपिंग पाणी वाहावं तसं. सकाळी आले की अत्तराच्या रुमालानं कीबोर्ड पुसायचे, आणि दुसऱ्या टेबलापाशी जी रिकामी खुर्ची होती तीही पुसायचे. त्या खुर्चीवर गिऱ्हाइकानं नुसती पिशवी ठेवली तरी म्हणायचे, "उचला भाई, जागा बुक आहे."

कुणासाठी बुक, हे मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा चहा सांगितला त्यांनी.

कॉम्प्युटर एकच, त्यावरच आम्ही दोघं आळीपाळीनं. पडद्याच्या एका बाजूला मुनीरभाईंचा लिहायचा एडिटर, एका बाजूला माझी पत्रिका, कोपऱ्यात गाणी. मुनीरभाईंनी काही सेव्ह केलं की तो एडिटर दोन मिनिटं दगड व्हायचा, आणि आपल्याबरोबर सगळ्यांना दगड करायचा. पत्रिकेतला गणपती अर्धाच उमटायचा. पडद्यावरचं घड्याळ थांबायचं. गाणाऱ्या बाईचा एकच सूर घर्रर करत तसाच राहायचा. बाहेर रस्ता रुंद करायला जेसीबी भिंती पाडतोय, वर पंखा फिरतोय, आणि आत बारा वाजून दहा मिनिटं झालेली ती झालेलीच. खरं सांगते, भरदुपारी अंगावर काटा यायचा माझ्या.

त्यात आणखी एक. आम्हाला हात उचलायला लावून मुनीरभाई स्वतः मात्र त्या मेलेल्या पडद्याकडे बघत टाइप करत राहायचे. एक अक्षर दिसत नसायचं तरी बोटं खटाखट. मला वाटायचं, म्हातारं सटकलंय.

एका दुपारी असंच टाइप करता करता अजान झाली, आणि ते घाईनं उठून नमाजला गेले. मी एकटीच. खुर्ची रिकामी, कीबोर्डजवळ कुणी नाही. आणि घर्रर थांबलं, घड्याळानं एकदम उडी मारली, आणि पडद्यावर अक्षरं चालायला लागली. एकामागून एक, आपली आपण. अगं आई गं! मी भिंतीला जाऊन चिकटले.

'झुबेदा, आज आठव्या दिवशी नळ आला. तुझ्या कढीपत्त्याला एक तांब्या घातला. मुन्नीचा फोन आला नाय. हर्सूलचा तलाव पार आटला म्हणतात, मी बघायला गेलो नाय.'

अडकलेल्या काळात त्यांनी जे बडवलं होतं तेच सुटल्यावर बाहेर पडत होतं, हे मला अर्ध्या मिनिटानं कळलं. मुनीरभाई आले, मी वाचलंय हे कळून न कळल्यासारखं केलं, आणि सगळं पुसून टाकलं.

मामांना विचारलं तेव्हा कळलं. झुबेदा म्हणजे त्यांची बायको. दुसऱ्या टेबलावर दुसरा कॉम्प्युटर होता, त्यावर ती उर्दू पत्रिका करायची. दोन्ही मशीन तारेनं जोडलेली. मुनीरभाईंनी कौतुकानं तिच्या मशीनला तिचंच नाव दिलेलं. रोजच्या कामाची फाइल तिच्याच मशीनवर सेव्ह व्हायची. चार वर्षांपूर्वी ती गेली. मामांनी ते मशीन भंगारात दिलं.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दर वेळी सेव्ह करताना एडिटर तारेवरून आवाज देत होता: झुबेदा आहे का? उत्तर येईना म्हणून थांबत होता, आणि तो थांबला की बाकी सगळे रांगेत. चार वर्षं! मला हसूही येईना आणि रडूही.

पण मामांचं डोकं तापलं होतं. त्या धनगर आजोबांचा अर्ज निघेपर्यंत तहसील बंद झालं, आणि गावानं टँकरची आणखी एक दिवस वाट पाहिली. आजोबा अर्ज खिशात घालून निघाले, पण मामा बोलले. "शुक्रवारपर्यंत हे मशीन सुधारलं नाय, तर मशीन बी भंगारात आन मुनीर बी घरी."

मी बुधवारी दोन मिनिटांत एडिटरमधला झुबेदाच्या मशीनचा पत्ता काढून टाकला. मशीन हरणासारखं पळायला लागलं. मुनीरभाई म्हणाले, "शाब्बास बेटा." आणि रुमाल घेऊन पुन्हा ती रिकामी खुर्ची पुसायला लागले.

गुरुवारी सकाळी पुन्हा "हात उचला!"

माझा तोल गेला. "चाचा, पत्ता तुम्हीच परत घातला ना? नोकरी जाईल, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

"मग?"

त्यांनी रुमालानं कीबोर्ड पुसला. पुसलेलाच होता. "बेटा, दिवसातून वीसदा हे तिचं नाव घेऊन विचारतं. घरात आता कोण घेतं? पोरगी परक्या शहरात. मी बी भिंतीसंगं किती बोलू? इथं हे शोधतं तवर मला वाटतं, ती आत चहा टाकायला गेलीय."

माझ्या हुशारीची मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

शुक्रवारी मी माझा लॅपटॉप पिशवीत घालून आणला. मामांना सांगितलं, आता दोन मशीनवर काम करू, अडायचं नाही. मामा म्हणाले बघू. पण बसायचं कुठं? टेबल एकच रिकामं होतं. मी पिशवी छातीशी धरून उभी राहिले.

मुनीरभाईंनी खुर्ची पुसली. हळूहळू, चारही पाय. मग ती माझ्याकडं सरकवली. "बस."

जुनी तार भिंतीपाशी गुंडाळून ठेवलेली होती, तिच्यावरही धूळ नव्हती. ती मी जोडली. लॅपटॉपचं नाव विचारणारी चौकट आली, आणि माझी बोटं थांबली. "चाचा, काय लिहू?"

"तेच लिही," ते म्हणाले. "हरकत नसली तुझी."

मी लिहिलं. कामाची फाइल नवी केली, जुन्याच नावाची, जुन्याच जागी. मुनीरभाईंनी सवयीनं हाक दिली, "हात उचला!" आणि सेव्ह केलं.

काहीच थांबलं नाही. गाणं चालू राहिलं, घड्याळ पुढं गेलं. ते पडद्याकडं बघत राहिले.

"मिळालं वाटतं त्याला," ते हळूच म्हणाले, आणि डोळे पुसायला तोच रुमाल घेतला. मग नाक शिंकरून मला म्हणाले, "पत्रिका किती राहिल्या तुझ्या?"

मशीन आता कधी अडकत नाही. तरी दुपारी अजानच्या आधी दोन मिनिटं मुनीरभाई हात उचलायला लावतात, आणि टाइप करतात. आता पुसत नाहीत, सेव्ह करतात. ते सगळं तारेवरून माझ्या टेबलावर येतं, झुबेदाच्या नावानं. फाइल रोज थोडी मोठी होते, एवढं मला दिसतं. मी ती कधी उघडली नाही.