सोनू गुरवाचा कौल

सोनू गुरव देवाला विचारल्याशिवाय पाहुण्याला पाणीसुद्धा देत नसे. हे मला कळलं तेव्हा माझा घसा कोरडा पडला होता. एस्टीने खेडला उतरून, पुढे जंगलातून सहा तास चालत आम्ही त्या गावी पोहोचलो होतो. आम्ही म्हणजे देवी टोचणारे नाना आणि त्यांची पेटी वाहणारा मी. कॉलेजच्या सुट्टीत देशसेवा करायचं खूळ तेव्हा माझ्या डोक्यात होतं.

"वाईच थांबा मास्तर. इचारल्याशिवाय कायव नाय," असं म्हणून सोनू देवळात शिरला. चष्म्यामुळे मी मास्तर.

देव काळ्या पाषाणाचा. त्याच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. आमच्या पाण्याचं उजवं फूल पडायला अर्धा तास लागला.

खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवायची का, दाढी करायची का, भाकरी नाचणीची की तांदळाची, सगळं सोनू देवाला विचारी. एकदा डावा कौल आला म्हणून गडी अर्धी दाढी तशीच ठेवून आठवडाभर हिंडला होता म्हणे. मी त्याच्या बायकोला विचारलं, "लग्नाच्या वेळीही विचारलं होतं का?"

"इचारलान व्हता की," ती चुलीत फुंकर घालत म्हणाली. "देव तवा झोपलेला आसनार."

पण गंमत पहिल्याच दिवशी संपली. शेजारच्या वाडीत देवीची साथ होती, दोन पोरं गेली होती. इकडे गावकरी म्हणत, सोनूने कौल लावावा, होकार आला तर पोरं टोचू. सोनूने लावला. डावा. दुसऱ्या दिवशी पुन्हा डावा. मी अंधश्रद्धेवर पाठ करून आणलेलं भाषण ठोकलं. लोकांनी ते शांतपणे ऐकलं आणि आपापल्या कामाला गेले.

"उद्या शेवटचा दिवस," नाना म्हणाले. "या उन्हात लस टिकायची नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पऱ्यावर, म्हणजे गावच्या ओढ्यावर, तोंड धुवायला निघालो, तर देवळातून सोनूचा आवाज आला. तो एकटाच होता आणि देवाशी भांडत होता.

"मागं टोचनारा आला तवा तू डावा दिलास. मी आयकला. माजी चंद्रा पाच वर्सांची व्हती. गेली. मी तुला कायव बोल्लो नाय. आता नात पाच वर्सांची हाय."

मग त्याने कंबरेची करवंटी काढली. तीत फणसाचा चीक होता. डाव्या फुलाच्या मागे त्याने तो बोटभर चोपडला आणि फूल देवाच्या खांद्यावर दाबून धरलं. मी मागच्या पावली परतलो.

तासाभराने सगळा गाव देवळात जमला. सोनूने उजवं फूल लावलं, गाऱ्हाणं घातलं. उजवं लगेच पडलं. डावं जागचं हललं नाही. गाव जोरात "व्हय म्हाराजा" म्हणाला. दुपारपर्यंत नानांनी बेचाळीस दंड टोचले. पहिला सोनूच्या नातीचा. ती बोंबलली, आणि सोनू तिच्याहून मोठ्याने रडला.

निघताना मी निरोप घ्यायला देवळात गेलो. सोनू खोबरेल लावून देवाच्या खांद्यावरचा चीक पुसत होता. मला पाहून दचकला नाही. मी पाहिलं होतं हे त्याला ठाऊक असावं.

मी हळूच विचारलं, "दादा, देव रागावला तर?"

"रागावनारच," सोनू म्हणाला, आणि देवाचा खांदा चोळत राहिला. "पन आता त्याला माज्यावरच रागवाया लागंल. पोरगीला टोचलेला हाय."