शांततेची अंमलबजावणी

कराडजवळच्या पंपांच्या कारखान्यात एक जूनपासून युद्ध बंद झाले. तसे परिपत्रकच निघाले. मालक वीरधवलराव महाबळेश्वरला दोन दिवसांच्या नेतृत्व शिबिराला जाऊन आले होते आणि धंदा म्हणजे लढाई नव्हे, असे त्यांना तिथे कळले होते. तोवर ते मीटिंगला मोहीम म्हणत आणि सांगलीच्या पंपवाल्यांना गनीम. आता केबिनमधली तलवार टेबलाच्या खणात गेली, भिंतीवर कबुतराचे चित्र आले, आणि प्रतिस्पर्ध्याला 'सहप्रवासी' म्हणायचे ठरले. चुकणाऱ्यांना पकडायला शांतता समिती नेमली. तिने पहिल्याच आठवड्यात कॅन्टीनवर तीन छापे घातले.

गेटवरचा सुपरवायझर कृष्णात याला हे सगळे मनापासून पटले. सतरा वर्षे फौजेत काढलेला माणूस तो. खरी गोळी कानाजवळून गेलेली, त्यामुळे साहेबांची मोहीम ऐकून त्यालाच ओशाळल्यासारखे व्हायचे. शिवाय लेकीच्या, अंकिताच्या, इंजिनिअरिंगची दोन वर्षे उरली होती. तोवर ही नोकरी टिकायलाच हवी होती. त्याने परिपत्रक दोनदा वाचले आणि तो ते पाळू लागला. इथेच घोळ झाला.

एका दुपारी सांगलीवाल्यांचा टेम्पो गेटसमोरच पंक्चर झाला. ड्रायव्हर केरबा जॅक मागायला आला. कृष्णातने जॅक दिला, चहा पाजला, चाक बसवायला हातही लावला. टेम्पोतला नमुन्याचा पंप वेळेत आटपाडीला पोचला आणि वीरधवलरावांचाही डोळा असलेली तिथली ऑर्डर सांगलीला गेली.

"गनिमाला जॅक?" वीरधवलराव गरजले.

"सहप्रवाशाला, सर," समितीच्या क्षमा मॅडम पुटपुटल्या.

"तेच ते!"

कृष्णात म्हणाला, "आवं सायेब, तुमीच लिवलंय न्हवं तसं?"

"लिहिलंय. ते बोलायचं असतं रं! करायला कुणी सांगितलं तुला?"

"मग तेबी लिवायचं हुतं की."

कृष्णातच्या पत्रावर सही करायला पेन हवे म्हणून साहेबांनी खण उघडला, तर हाताला आधी तलवार लागली.

पत्रात 'काढून टाकले' असे कुठेही नव्हते. तो शब्द समितीने हिंसक ठरवला होता. 'पुढच्या प्रवासासाठी आम्ही तुम्हाला प्रेमाने मोकळे करत आहोत,' एवढेच होते. ओळखपत्र मात्र तिथल्या तिथे काढून घेतले.

ते पत्र कंपनीच्या ग्रुपवर पडले. दहा मिनिटांत त्याखाली बेचाळीस जोडलेले हात उमटले. कृष्णातने एकेक नाव वाचले. त्यातल्या एकानेही फोन केला नव्हता.

तुम्ही हसलात, हसा. पण तुमच्या ऑफिसच्या ग्रुपवर असे पत्र आले होते, तेव्हा तुम्ही त्याखाली काय टाकले होते, ते जरा मागे जाऊन बघा.