झाडीत गेलेलं अस्वल

स्टेनुन कॅनडातल्या गिम्ली गावात येऊन आठवडा होत आला, तरी तिची भुवई एकदाही वर गेली नव्हती.

बाल्दूर थोर्केलसनने तिला आपलं तळं दाखवलं. पलीकडचा काठ दिसत नाही असं तळं. त्याच्या आजोबांपासून सगळ्यांनी त्यात जाळी टाकली, हिवाळ्यात बर्फाला भोकं पाडून मासे काढले. स्टेनुनने पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. "खारट नाही," ती म्हणाली, आणि परत मोटारीत जाऊन बसली.

स्टेनुन ही बाल्दूरची आइसलंडमधली बहीण. सख्खी नव्हे, त्याचे पणजोबा बोटीत बसून कॅनडाला आले आणि तिचे पणजोबा किनाऱ्यावर हात हलवत राहिले, तिथून आलेलं नातं. पण दोन्ही बाजूंनी ते घट्ट धरलेलं होतं. मागे बाल्दूर आणि त्याची बायको थोरा तिच्याकडे गेले होते, तेव्हा तिने त्यांना एकामागून एक धबधबे दाखवले. दर धबधब्यापाशी ती पाण्याकडे पाठ करून उभी राही आणि बाल्दूरच्या तोंडाकडे बघत राही. बाल्दूर भोळा माणूस. दर धबधब्याला त्याचं तोंड उघडं पडलं. तशा उघड्या तोंडाचा फोटो तिने काढला, आणि तो दोन्ही देशांतल्या झाडून सगळ्या नातेवाइकांच्या फोनवर पोचला.

तेव्हापासून बाल्दूरला एकच गोष्ट हवी होती. स्टेनुनने कॅनडात कशाकडे तरी बघून म्हणावं, "आमच्याकडे हे नाही." आणि म्हणताना आवाजात थोडी हळहळ असावी.

म्हणून त्याने ठेवणीतला बेत बाहेर काढला. विनिपेगहून जॅस्परपर्यंत रेल्वेने जायचं. जॅस्परला त्यांची मुलगी सिग्रिद राष्ट्रीय उद्यानात वनरक्षक होती. तिची भेट होणार होती, आणि तिच्या दाराशी असे डोंगर होते की त्यांच्यापुढे कोणाचीही मान आपोआप वर जावी.

गाडीच्या शेवटी काचेच्या छताचा, जिना चढून वर बसायचा डबा होता. बाल्दूरने सकाळीच जाऊन तिथल्या डाव्या खिडकीच्या जागा धरल्या.

"आभाळ बघ, स्टेनुन! एका टोकाला ऊन, दुसऱ्या टोकाला पाऊस. मधे काही नाही!"

"आमच्याकडे समुद्रावर असंच असतं."

"बरं, रेल्वे? रेल्वे तर नाही ना तुमच्याकडे?"

"नाही. लागत नाही."

"आणि झाडं? एवढी झाडं?"

"झाडं असली की मागचं काही दिसत नाही," स्टेनुन म्हणाली.

थोराने विषय बदलायला मांडीवरचा पत्र्याचा डबा उघडला. आत व्हिनार्तेर्ता होता. पातळ पोळीसारखे थर, प्रत्येक थरामध्ये आलुबुखाराचा मुरंबा, मुरंब्यात वेलची. या केकवर साखरेचा लेप द्यावा की देऊ नये, यावरून गिम्लीत ठरलेली लग्नं मोडलेली आहेत. थोराचं घराणं बिनलेपाचं.

स्टेनुनने तुकडा खाल्ला. "माझी आजी करायची. हल्ली कोणी करत नाही."

बाल्दूर खुर्चीतून उठलाच. "म्हणजे तुमच्याकडे हे नाही!"

"आहे की. दुकानात मिळतो. कोणी घेत नाही."

थोराने झाकण लावलं. त्यानंतर एडमंटन येईपर्यंत तो डबा उघडला नाही.

एडमंटन मागे पडलं, जंगल दाट होऊ लागलं, आणि बाल्दूरने शेवटचा प्रयत्न म्हणून अस्वलांचा विषय काढला.

"अस्वलं आमच्याकडे येतात कधीमधी," स्टेनुन म्हणाली. "बर्फाच्या लादीवर बसून, उत्तरेकडून. पांढरी." मग जरा विचार करून ती पुढे म्हणाली, "काळं मात्र मी कधी पाहिलेलं नाही."

बाल्दूरने थोराचं कोपर दाबलं. थोराने ते सोडवून घेतलं. "अस्वल काय तुझ्या खिशात आहे?" ती पुटपुटली.

पण बाल्दूरला आता दुसरं काही दिसेना. जेवायची हाक आली, तो गेला नाही. कपाळ काचेला टेकवून तो झाडांच्या बुंध्यांतून नजर फिरवत राहिला. तळ्यावर धुक्यातून जाळ्याची खूण शोधणारे त्याचे डोळे. पण त्याला आता बरीच वर्षं झाली होती. गाडी उद्यानाच्या हद्दीत शिरली, वळणावर मंद झाली, आणि रुळांलगतच्या मोकळ्या जागेत त्याला काहीतरी काळं, गुबगुबीत, उभं दिसलं.

"अस्वल!" तो ओरडला. "स्टेनुन, अस्वल!"

सगळा डबा डावीकडे झुकला. गाडी सावकाश चालली होती, त्यामुळे ते सगळ्यांना नीट दिसलं. तो जळक्या झाडाचा खुंट होता. एका बाजूला फांदीचं थोटूक, आणि माथ्यावर एक कावळा.

बाल्दूरचे कान आधी गुलाबी, मग लाल झाले.

मागच्या रांगेत केप ब्रेटन बेटावरच्या मिसेस मॅकिसॅक बसल्या होत्या. जन्मभर शाळेत शिकवलेल्या बाई. त्यांनी खुंटाकडे पाहिलं, बाल्दूरच्या कानांकडे पाहिलं, मग त्याच्या परदेशी पाहुणीकडे पाहिलं.

"गेलं," त्या ठाम आवाजात म्हणाल्या. "झाडीत शिरलं. मला फक्त पाठ दिसली."

"केवढी पाठ!" त्यांच्या शेजारचे ॲबट्सफर्डचे गिल म्हणाले. त्यांची तिकडे ब्लूबेरीची शेती होती. "आणि पिल्लं होती की मागे. दोन. आमच्या शेतात येतात ना, मी लांबून ओळखतो."

"माफ करा हं, बाई," एक उंच माणूस स्टेनुनला म्हणाला. "मी मधे आलो, म्हणून तुम्हाला दिसलं नसणार." तो उजव्या बाजूला उभा होता आणि कोणाच्याही मधे आलेला नव्हता.

स्टेनुनने खिडकीबाहेर पाहिलं. मग एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "पिल्लं?" तिने विचारलं.

"दोन," गिल म्हणाले.

इथवर येऊन हे प्रकरण संपायला हरकत नव्हती. पण गाडीचा मदतनीस मार्सेल चहाचा ट्रे घेऊन वर आला, त्याला चारजणांनी एकदम बातमी दिली, आणि तो पोरगा आनंदाने खाली जाऊन ध्वनिक्षेपकावर बोलला. गाडीभर घोषणा झाली की डाव्या हाताला पिल्लांसह अस्वल दिसलं आहे. पुढच्या डब्यांतली माणसं कॅमेरे घेऊन जिना चढू लागली. ज्यांनी पाहिलं त्यांना गाठून ज्यांनी पाहिलं नाही ते विचारू लागले. बाल्दूरला तीच हकीकत पुन्हा पुन्हा सांगावी लागली, आणि तो अडखळला की मिसेस मॅकिसॅक पुढचं वाक्य पुरवू लागल्या. अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं, हे त्यांनीच प्रथम सांगितलं.

मग मार्सेलने गाडीच्या गार्डला सांगितलं. रुळांपाशी पिल्लांची आई म्हटल्यावर गार्डने कर्तव्य म्हणून बिनतारी संदेश पाठवला. समोरून येणाऱ्या मालगाडीला वेग अगदी कमी करायचा हुकूम झाला. आणि मालगाडीपुढे प्रवासी गाडीने बाजूच्या रुळावर जाऊन उभं राहायचं, हा तर तिथला रोजचाच रिवाज. गाडी थांबली.

मालगाडी आली. गोगलगाईच्या चालीने ती डोंगरांच्या बाजूने सरकू लागली. गव्हाचे डबे, पोटॅशचे डबे, पुन्हा गव्हाचे डबे, सगळे खिडकीपेक्षा उंच. ज्या डोंगरांसाठी बाल्दूरने सकाळी धावत जाऊन डावी खिडकी धरली होती, ते डोंगर त्या डब्यांमागे होते. मधल्या फटींतून बर्फाचा एखादा तुकडा चमके आणि पुढचा डबा त्याच्यावर येई.

"ते दिसलं का? तिथं! आता गेलं. थांब, पुन्हा येईल," बाल्दूर म्हणत होता.

"हं," स्टेनुन म्हणाली.

मालगाडी संपेपर्यंत ढग उतरले होते. डोंगर होते तिथे करड्या रंगाची ओली गोधडी पसरली होती.

"तुझ्या अस्वलाने तुझे डोंगर खाल्ले," थोरा हळूच म्हणाली.

बाल्दूरला ते सहन होईना. तो खाली गेला आणि मार्सेलला दाराशी गाठलं. "हे बघ, तो खुंट होता. माझी चूक झाली. सगळ्यांना सांगून टाक."

मार्सेलने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, असं कसं? मी स्वतः पाहिलं."

"तू तर चहा करत होतास!"

"स्वयंपाकघराच्या खिडकीतून," मार्सेल म्हणाला. "छान होतं. तुम्ही पाहुण्यांपाशी जा बरं."

बाल्दूर जिना चढून वर आला. वर गिल स्टेनुनला सांगत होते की पिल्लांपैकी एकाच्या छातीवर पांढरा ठिपका होता. आता उभं राहून खरं सांगायचं म्हणजे आधी गिलना खोटं पाडायचं, मग मिसेस मॅकिसॅकना, मग त्या उंच माणसाला. ज्यांनी त्याची लाज राखली, त्यांचीच चारचौघांत काढायची. तो मुकाट्याने बसला. जॅस्परपर्यंत स्टेनुन खिडकीबाहेर बघत राहिली, आणि बाल्दूर पुढच्या सगळ्या नाताळांतली, खुंटाची चेष्टा करणारी नातेवाइकांची पत्रं मनातल्या मनात वाचत राहिला.

जॅस्परला पाऊस भुरभुरत होता. फलाटावर मिसेस मॅकिसॅकनी स्टेनुनचा हात हातात घेतला. "पुन्हा या हं. पुढच्या वेळी तुम्हाला पुढच्या खिडकीत बसवू." उंच माणसाने पुन्हा एकदा माफी मागितली. गिलनी तिच्या हातात वाळवलेल्या ब्लूबेरीची पिशवी कोंबली.

सगळे पांगले. स्टेनुन पिशवी हातात धरून उभी राहिली.

"तो खुंट होता," ती म्हणाली.

बाल्दूरने मान खाली घातली.

"डाव्या बाजूला थोटूक. वर कावळा. अरे, पलीकडच्या डोंगरावरची मेंढी कोणाच्या घरची ते मी सांगते. मला काय खुंट कळणार नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलणार होते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात त्या बाई म्हणाल्या, गेलं. मग ते पिल्लं घेऊन आले. मग त्या लांबड्याने माझी माफी मागितली." तिने ओल्या रुळांकडे पाहिलं. "आमच्याकडे असतं ना, तर पहिल्याच क्षणी कोणीतरी म्हणालं असतं, म्हाताऱ्या, खुंट आहे तो, चष्मा बदल. सगळा डबा हसला असता. मीसुद्धा हसले असते. इथे एक डबाभर माणसं, तुझं नावही माहीत नाही, आणि दुपारभर तुझ्यासाठी अस्वल पाळत बसली." ती थांबली. "आमच्याकडे हे नाही."

तिच्या आवाजात हळहळ होती. थोडी नव्हे, चांगली पुरेशी. बाल्दूरने थोराकडे पाहिलं, तिने ऐकलं ना याची खात्री करायला. थोराने ऐकलं होतं. तिने पत्र्याचा डबा उघडला आणि भुरभुर पावसात, फलाटावर, स्टेनुनच्या हातात केकचा मोठा तुकडा ठेवला.

सिग्रिद उशिरा घरी आली. गुडघ्यांपर्यंत चिखल, केसांत सुरूची पानं. आत येताच ती खुर्चीत कोसळली.

"सॉरी आत्या, सॉरी बाबा. स्टेशनवर येणार होते. पण रेल्वेचा निरोप आला, रुळांपाशी पिल्लांची आई आहे. आम्ही सगळे त्या पट्ट्यात शोधत फिरलो. माग नाही, विष्ठा नाही, काही नाही. एक जळका खुंट तेवढा होता." तिने बूट ओढून काढला. "कोणीतरी त्यालाच अस्वल समजलं असणार."

बाल्दूरने घसा साफ केला. आता खरं सांगायलाच हवं होतं. पोरगी वनरक्षक होती, आणि पोटची होती.

"अस्वलच होतं," स्टेनुन म्हणाली.

सिग्रिदने मान वर केली.

"मी स्वतः पाहिलं, बाळ. या डोळ्यांनी. झाडीत गेलं. मागच्या पायांवर उभं राहून गेलं."

सिग्रिद आत्याकडे बघत राहिली. मग तिची नजर बाबांवर गेली. बाबांचे कान लाल झाले होते. तिने बूट हळूच खाली ठेवला.

"हो, असेल," ती म्हणाली. "आम्हीच उशिरा पोचलो. पिल्लं किती होती, आत्या?"

"दोन," स्टेनुन म्हणाली, आणि तिने पुन्हा केकला हात घातला.