चौदा ओळींचं छप्पर

साल एकोणीसशे एकाहत्तर. आर्किटेक्चरच्या आमच्या कॉलेजात छप्पर शिकवणारी मी पहिलीच बाई, आणि माझा तोरा काय वर्णावा! "माझ्या छपरातून एक थेंब आत आला तर नाव बदलीन," असं मी भर स्टाफरूममध्ये सांगून मोकळी झाले.

प्राचार्यांचं मत असं, की बायकांनी रंगसंगती शिकवावी. वासे आणि कौलं हे पुरुषांचं काम. माझं चाचणीचं वर्ष संपत आलं होतं. ते म्हणाले, "बाई, सायकलींच्या शेडवर मुलांकडून कौलं घालून घ्या. शनिवारी आपण वरून पाणी सोडू. मी खाली बसून चहा पिणार. कोरडा उठलो तर तुम्ही कायम. नाहीतर पुढच्या महिन्यापासून घरी."

"दोन कप प्या सर!" मी म्हटलं.

फळ्यावर मी छपराचं असं चित्र काढलं, की फ्रेम करून लावावं! कौलांच्या चौदा ओळी. वर आढ्याजवळ एक नंबर, खाली पागोळीशी चौदा. फळ्यावर माणूस वरूनच लिहायला लागतो, त्यात माझं काय चुकलं?

कॉलेजचे गवंडीमामा दारातून म्हणाले, "बाई, मी जरा थांबू का?"

"मामा, तुम्ही आज सुट्टी घ्या. मुलांना स्वतः शिकू दे."

मामा "बरं" म्हणाले आणि गेले. तो "बरं" मला तेव्हाच टोचायला हवा होता.

मुलं परांचीवर चढली. वर्गातला लंबू कौलं लावतोय, चष्मेवाली दोरी धरून ओळ तपासतेय. मी खाली नकाशा घेऊन उभी. "एक नंबर झाली, बाई!" की माझी बरोबरची खूण. "दोन झाली!" पुन्हा खूण. कागदावरून नजर उचलली असेल तर शपथ! चौदाव्या ओळीला टाळ्यासुद्धा वाजल्या.

शनिवारी प्राचार्य नवा कोट घालून शेडमध्ये खुर्चीवर बसले. परांचीवर लंबू एक पाइप घेऊन, चष्मेवाली दुसरा. पाण्याच्या आवाजात ऐकू येणार नाही, म्हणून मी खुणा ठरवल्या होत्या: माझा एक हात वर, एक पाइप चालू. दोन्ही हात वर, दोन्ही पाइप. हात खाली, की बंद.

मी ऐटीत एक हात वर केला.

बाहेर पागोळीतून एक थेंब पडेना. माझी छाती फुगली. पाणी गेलं तरी कुठे?

"बाई!" आतून प्राचार्य ओरडले. "अहो बाई, हे काय!"

पाणी सगळं आत! प्रत्येक फटीतून धार. प्राचार्य चहाच्या कपावर बशी धरून बसलेले, जणू तेवढं झाकलं की अब्रू वाचेल! ते बघून मी दोन्ही हातांनी कपाळ बडवून घेतलं.

वरून चष्मेवालीचा आवाज आला, "दोन्ही हात! माझाही सोडतेय रे!"

"नको! नको!" म्हणत मी हात आणखी उंच नाचवले.

"बाई खूश आहेत!" लंबू नळावरच्या मुलांना ओरडला. "नळ पूर्ण उघडा!"

शेवटी गवंडीमामांनीच नळ बंद केला. सुट्टीच्या दिवसापासूनच ते भिंतीपलीकडून सगळं बघत होते! ते शांतपणे म्हणाले, "बाई, कौलं खालून वर लावतात. वरचं कौल खालच्यावर चढलं पाहिजे. तुमचं खालचं वरच्यावर चढलंय. छप्पर कसलं, गाळणी झाली ही!"

मुलांनी मी दिलेल्या नंबरांप्रमाणे एकपासून सुरुवात केली होती. आढ्यापासून!

प्राचार्य निथळत बाहेर आले. माझी नोकरी त्यांच्या कोटातून थेंबाथेंबाने गळताना मला दिसत होती. त्यांनी लंबूला विचारलं, "काय शिकलास रे?"

"सर, पाणी नंबर वाचत नाही."

"आणि तू गं?"

"खालून सुरुवात करायची, सर. मरेपर्यंत विसरणार नाही."

प्राचार्य आधी शिंकले, मग खो खो हसत सुटले. "वीस वर्षं हे फळ्यावर शिकवतोय! पेपरात निम्मी मुलं उलटंच काढतात. बाई, तुम्ही एका सकाळीत वर्गाच्या डोक्यात घातलंत. माझ्या डोक्यावर ओतलंत ते सोडा. कायम!"

पुढे लंबूने पुष्कळ घरं बांधली, सगळी सपाट गच्चीची. चष्मेवाली मोठी आर्किटेक्ट झाली आणि गवंडीमामांना तिने आपल्या पहिल्या कामावर मुख्य मिस्त्री म्हणून नेलं. प्राचार्य निवृत्त होईपर्यंत तो कोट आटलेलाच घालत होते.

आणि मी? मला कायम केल्याच्या पत्रात त्यांनी एक अट घातली होती: दरवर्षीच्या पाण्याच्या चाचणीला छपराखाली बाईंनी स्वतः बसावं. सव्वीस वर्षं बसले. किती वेळा भिजले ते मात्र विचारू नका. मुलं दरवर्षी नवी असायची हो, पण शिकवणारी मीच होते ना!